आराम आणि उपचार: दम्यावरील दीर्घप्रभावी पंपाचा सुरक्षित वापर

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला पसरलेल्या मुळशी तालुक्यात वर्षाचा प्रत्येक हंगाम श्वासनलिकांची वेगळी परीक्षा घेतो. ताम्हिणी घाटाच्या बाजूला महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या जागांमध्ये गणला जाणारा पाऊस कोसळतो, तेव्हा घरांच्या भिंतींना ओल येते, अंथरुणे-पांघरुणे आठवडेच्या आठवडे दमट राहतात आणि कोनाड्याकोपऱ्यांत बुरशी धरते. पाऊस ओसरला की गवतांचे आणि १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदल्या गेलेल्या गाजरगवताचे परागकण हवेत येतात. दिवाळीच्या पुढेमागे भाताची झोडणी सुरू झाली की खळ्यावर तुसाची धूळ उडते. आणि उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, पालापाचोळा आणि फांद्या पसरून राब भाजला जातो, तेव्हा त्याचा धूर वाड्यावस्त्यांवर रेंगाळतो. तालुक्याच्या पूर्वेकडील पिरंगुट, भूगाव, माण आणि हिंजवडी या पट्ट्यात कारखाने, बांधकामे आणि वाहने यांनी त्यात भर घातली आहे. निरोगी श्वासनलिकांना हे सारे बहुधा सोसते. दमा असलेल्या माणसाला मात्र यांपैकी एखादे कारणही रात्रभर अंथरुणात उठून बसायला लावते.

हंगाम बदलणे कोणाच्या हाती नाही आणि राबाचा धूर किंवा पावसाळी ओल पूर्णपणे टाळणेही शेतकरी कुटुंबाला शक्य नाही. परंतु श्वासनलिकांची ही अतिसंवेदनशीलता औषधाने कमी करता येते. त्यासाठी आज उपलब्ध असलेल्या साधनांपैकी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत जास्त गैरसमजांनी वेढलेले साधन म्हणजे ज्याला बोलीत सरसकट ‘पंप’ म्हटले जाते ते इन्हेलर, आणि त्यातही ज्याचा परिणाम बारा तास किंवा त्याहून अधिक काळ टिकतो असे दीर्घप्रभावी औषध. हे औषध योग्य जोडीने घेतले तर सुरक्षित आहे आणि दम्यात एकटेच घेतले तर धोक्याचे आहे. हा भेद वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत मोजून कळला आणि म्हणूनच तो प्रत्येक दमेकऱ्याच्या घरापर्यंत पोहोचणे अत्यंत आवश्यक आहे.

एका आजाराची दोन अंगे

दम्यामध्ये श्वासनलिकांत एकाच वेळी दोन प्रक्रिया चालू असतात. पहिली म्हणजे दाह, म्हणजे नलिकेच्या आतील अस्तराला आलेली सूज, जिच्यामुळे अस्तर जाड होते, चिकट कफ तयार होतो आणि नलिका क्षुल्लक कारणानेही चाळवते. दुसरी म्हणजे आकुंचन, म्हणजे नलिकेभोवतीच्या स्नायूंचे आवळणे, ज्यामुळे हवेची वाट अरुंद होते, छातीत घरघर ऐकू येते आणि धाप लागते. आकुंचन रुग्णाला तत्काळ जाणवते, दाह मात्र तक्रार नसलेल्या दिवशीही आत धुमसत राहू शकतो. धाप थांबली की दमा गेला असे वाटते ते यामुळेच. प्रत्यक्षात त्या वेळी केवळ आकुंचन सैल झालेले असते.

या दोन अंगांसाठी औषधेही दोन प्रकारची आहेत. स्नायू सैल करणाऱ्या औषधांना श्वासनलिका-विस्फारक म्हणतात. स्नायूंच्या पेशींवर बीटा-२ नावाचे ग्राहक असतात, म्हणजे औषधाचा रेणू ज्यावर कुलपात किल्ली बसावी तसा बसतो अशा जागा, आणि तेथे औषध बसले की स्नायू ढिला पडतो. १९६९ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आलेले साल्ब्युटामॉल हे या गटातील सर्वपरिचित औषध काही मिनिटांत काम करते, परंतु त्याचा परिणाम चार ते सहा तासांतच ओसरतो. दमेकऱ्याची सर्वांत वाईट वेळ बहुधा पहाटेची असल्यामुळे रात्री झोपताना घेतलेले औषध पहाटेपर्यंत टिकावे ही गरज होती, आणि तिच्यातून साल्मेटेरॉल व फॉर्मोटेरॉल ही दीर्घप्रभावी औषधे पुढे आली. त्यांचे रेणू पेशीच्या स्निग्ध आवरणात मुरून राहतात, म्हणून त्यांचा परिणाम सुमारे बारा तास टिकतो. व्हिलॅन्टेरॉलसारख्या नंतरच्या औषधांचा परिणाम तर चोवीस तासांपर्यंत पोहोचतो.

दाह शमवण्याचे काम मात्र यांपैकी एकही औषध पुरेशा प्रमाणात करत नाही. ते काम श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडचे आहे. बेक्लोमेथॅसोन हे अशा प्रकारचे औषध १९७२ पासून वापरात आले. आज ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकॅसोन ही नावे औषधाच्या चिठ्ठीवर अधिक आढळतात. स्टेरॉइडने धाप क्षणात थांबत नाही, पण रोज घेतल्यावर काही दिवसांत आणि आठवड्यांत सूज उतरते, कफ कमी होतो आणि नलिका चटकन चाळवेनाशी होते. विस्फारक आराम देतो, तर स्टेरॉइड उपचार करते. दम्याच्या औषधयोजनेचा सारा पाया या एका फरकावर उभा आहे.

एकटेपणाचा धोका

आरामालाच उपचार समजण्याची चूक पहिल्यांदा रुग्णांनी केली नाही. एका काळी औषधयोजनेतच ती दडलेली होती. १९६०च्या दशकात ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये दम्याने होणारे मृत्यू एकाएकी वाढले आणि त्याचा संबंध आयसोप्रिनॅलिन या विस्फारकाच्या तीव्र मात्रेच्या पंपाशी जोडला गेला. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूझीलंडमध्ये पुन्हा तशीच लाट आली आणि या वेळी संशय फेनोटेरॉल या दुसऱ्या विस्फारकावर गेला. या अनुभवांमुळे १९९० मध्ये साल्मेटेरॉल ब्रिटनमध्ये वापरात आले तेव्हा त्याच्या सुरक्षिततेकडे डॉक्टर अधिक बारकाईने पाहत होते.

अमेरिकेत १९९६ मध्ये या प्रश्नाचा थेट छडा लावण्यासाठी एक मोठी चाचणी सुरू झाली. तिच्यात २६,३५५ रुग्णांपैकी निम्म्यांना त्यांच्या नेहमीच्या औषधांसोबत साल्मेटेरॉल आणि उरलेल्यांना औषधविरहित पंप देण्यात आला. साल्मेटेरॉलच्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३, आणि २००३ मध्ये ती चाचणी ठरल्याआधीच थांबवण्यात आली. एकूण संख्येच्या मानाने हे मृत्यू थोडे होते, तरी गटांमधील फरक दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. अर्थ लावताना लक्षात आले की चाचणीच्या प्रारंभी निम्म्याहूनही कमी रुग्ण श्वासावाटे स्टेरॉइड घेत होते. ज्यांच्या नलिकांतील दाह तसाच धुमसत होता, त्यांना दीर्घप्रभावी विस्फारकाने दिवसेंदिवस बरे वाटत राहिले असणार, आणि त्या बरे वाटण्याच्या आड सूज वाढून एखाद्या दिवशी औषधाला न जुमानणारा झटका आला असणार, हे त्याचे सर्वांत संभाव्य स्पष्टीकरण मानले गेले.

अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने या औषधांवर ठळक धोक्याची सूचना छापण्यास लावले आणि २०११ मध्ये उत्पादक कंपन्यांना नव्या चाचण्या करण्याचा आदेश दिला. या वेळी प्रश्न नेमका होता: स्टेरॉइडसोबत घेतलेले दीर्घप्रभावी विस्फारक हे नुसत्या स्टेरॉइडपेक्षा अधिक धोकादायक आहे का? प्रौढ, किशोरवयीन आणि लहान मुले मिळून ४१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या चार चाचण्यांनी त्याचे उत्तर नकारार्थी दिले. गंभीर धोका वाढला नाही, उलट तोंडाने स्टेरॉइड घ्यावे लागण्याइतके झटके कमी झाले. डिसेंबर २०१७ मध्ये एकत्रित पंपांवरील ती ठळक सूचना काढून टाकण्यात आली. दम्यासाठी दीर्घप्रभावी विस्फारक एकटे वापरण्याविरुद्धचा इशारा मात्र कायम राहिला.

स्टेरॉइडच्या बाजूचा पुरावाही तितकाच बोलका आहे. कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातील नोंदींवर आधारित आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की रुग्णाने वर्षभरात श्वासावाटे घेण्याच्या स्टेरॉइडचा एकेक जादा पंप वापरला, तसतसा त्याचा दम्याने मृत्यू होण्याचा संभव सुमारे २१ टक्क्यांनी कमी होत गेला. जीव वाचवणारे औषध कोणते, याविषयी यानंतर शंका उरत नाही.

मुळशीतील ‘दमा’ आणि उसना पंप

ग्रामीण भागात दीर्घकाळ धाप लागणाऱ्या प्रत्येक आजाराला दमा म्हणण्याची पद्धत आहे. तिच्यात दोन वेगळे आजार एकत्र होतात. दमा बहुधा लहान वयात किंवा तरुणपणी सुरू होतो, कमी-अधिक होतो आणि मधल्या काळात श्वास जवळजवळ पूर्ववत असू शकतो. सीओपीडी, म्हणजे श्वासमार्गात कायमचा अडथळा निर्माण करणारा दीर्घकालीन फुप्फुसविकार, साधारणतः चाळिशीनंतर दिसतो आणि हळूहळू वाढत जातो. विडी-सिगारेट हे त्याचे परिचित कारण असले, तरी पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे प्राध्यापक पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या बहुचर्चित लेखाने जगाचे लक्ष धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीकडे वेधले. मावळपट्ट्यात आयुष्यभर चुलीपुढे बसून लाकूड-गोवऱ्यांचा धूर छातीत घेतलेल्या स्त्रियांचा आजार पुष्कळदा याच प्रकारात मोडतो.

हा फरक औषधाच्या सुरक्षिततेसाठी निर्णायक आहे, कारण सीओपीडीमध्ये स्टेरॉइडविना दीर्घप्रभावी विस्फारक देणे ही मान्य उपचारपद्धती आहे. आजीला सीओपीडीसाठी दिलेला पंप तिच्यासाठी योग्य असतो. तोच पंप घरातील दमेकरी नातवाने आराम पडतो म्हणून उसना घेतला, तर स्टेरॉइडविना विस्फारक घेण्याचा जो धोका वर सांगितला तोच त्याच्या वाट्याला येतो. एकाच घरात दोन रुग्ण असतील तर पंपांवर नावे घालून ते वेगळे ठेवणे आणि प्रत्येकाच्या आजाराचे निदान स्पायरोमेट्रीने, म्हणजे जोराने सोडलेला श्वास मोजणाऱ्या यंत्रावरील तपासणीने, करून घेणे हिताचे ठरते. दोन्ही आजारांची लक्षणे एकाच व्यक्तीत आढळली तर तिलाही स्टेरॉइड असलेला पंपच दिला जातो.

कोणता पंप कशासाठी

दम्यासाठी दीर्घप्रभावी औषध घेण्याचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे स्टेरॉइड आणि विस्फारक एकाच पंपात असणे, कारण अशा पंपात रुग्णाने ठरवले तरी आराम देणारा भाग घेऊन उपचाराचा भाग टाळता येत नाही. औषधाच्या दुकानात पंप घेताना वेष्टणावरील दोन घटकांची नावे वाचून खात्री करावी. एकच नाव असेल आणि ते साल्मेटेरॉल किंवा फॉर्मोटेरॉलचे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो पंप दम्यासाठी वापरू नये.

या दोन विस्फारकांतही एक महत्त्वाचा भेद आहे. साल्मेटेरॉलचा परिणाम सुरू होण्यास दहा ते वीस मिनिटे लागतात, त्यामुळे ते असलेला पंप रोज ठरलेल्या वेळीच घ्यायचा असतो आणि झटक्यासाठी दुसरा, त्वरित काम करणारा पंप जवळ ठेवावा लागतो. धाप वाढली म्हणून साल्मेटेरॉलच्याच मात्रा वाढवणे चुकीचे आहे. फॉर्मोटेरॉल मात्र एक ते तीन मिनिटांतच काम सुरू करते आणि तरीही बारा तास टिकते, म्हणून ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप डॉक्टरांच्या सल्ल्याने रोजच्या प्रतिबंधासाठी आणि गरजेच्या वेळीही वापरता येतो.

याच आधारावर दम्यासंबंधी जागतिक मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या संस्थेने २०१९ मध्ये आपल्या सल्ल्यात मोठा बदल केला आणि बारा वर्षांवरील रुग्णांना केवळ त्वरित आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये असे स्पष्ट केले. सौम्य दमा असलेल्यांवर केलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गरजेपुरता ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप घेणाऱ्यांना गंभीर झटके येण्याचे प्रमाण गरजेपुरते केवळ विस्फारक घेणाऱ्यांच्या तुलनेत ६४ टक्क्यांनी कमी आढळले. या पंपालाही मर्यादा आहे: नेहमीच्या ६ मायक्रोग्रॅम फॉर्मोटेरॉलच्या पंपाचे प्रौढ व्यक्तीने दिवसाचे नियमित आणि गरजेचे मिळून १२ पफ ओलांडू नयेत, आणि गरज वाढत चालली आहे असे दिसताच, त्या आकड्याची वाट न पाहता, डॉक्टरांकडे जावे.

औषध छातीपर्यंत पोहोचवण्याची रीत

योग्य पंप चुकीच्या रीतीने घेतला तर औषध घशातच राहते. दाबून फवारा येणाऱ्या पंपासाठी तो हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, तोंडात धरून सावकाश श्वास घेण्यास सुरुवात करतानाच कळ दाबावी, श्वास खोल घेत राहावा आणि सुमारे दहा सेकंद रोखून धरावा. हा मेळ साधणे मुलांना आणि वृद्धांना कठीण जाते. त्यांच्यासाठी स्पेसर, म्हणजे फवारा आधी साठवून मग सावकाश ओढू देणारी नळी, वापरावी. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतील अभ्यासात ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला पंपाचे तोंड घट्ट बसवून केलेला स्पेसर मुलांच्या झटक्यात बाजारातील स्पेसरइतकाच उपयोगी ठरला होता. दुर्गम वाडीत अडीअडचणीला ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कॅप्सूलमधील पूड ओढण्याच्या उपकरणाची, म्हणजे रोटाहेलरसारख्या साधनाची, रीत नेमकी उलटी आहे. तेथे पुडीचे कण सुटे करण्याचे बळ श्वासातूनच यायचे असल्यामुळे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो. उपकरणात श्वास सोडू नये, कारण उच्छ्वासातील ओलाव्याने पूड चिकटते; आणि मुळशीच्या पावसाळ्यात कॅप्सूल वेष्टनातून वापरण्याच्या क्षणीच काढावी. ही कॅप्सूल गिळायची नसते, हे घरातील वृद्धांना आवर्जून सांगावे लागते. स्टेरॉइड असलेला कोणताही पंप घेतल्यानंतर पाण्याने खळखळून चूळ भरून ते पाणी थुंकून टाकावे, म्हणजे तोंडात बुरशीचा पांढरा थर येणे आणि आवाज बसणे बहुतांशी टळते.

भीती आणि वस्तुस्थिती

पंपाची सवय लागते, हा समज गावोगावी आढळतो, आणि त्यापायी अनेक जण गोळी किंवा इंजेक्शन पसंत करतात. मात्रांची तुलना केली तर ही निवड किती उलटी आहे ते दिसते: साल्ब्युटामॉलची गोळी २ ते ४ मिलिग्रॅमची असते, तर पंपाच्या एका पफात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीच्या विसाव्या ते चाळिसाव्या हिश्शाइतके औषध असते, कारण ते रक्तातून फिरत न जाता थेट नलिकेत उतरते. वारंवार दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होणे, रक्तातील साखर वाढणे, मोतीबिंदू होणे हे परिणाम संभवतात; नियमित पंपाने झटके टळले तर या गोळ्यांची वेळच कमी येते. चष्म्याला जसे कोणी व्यसन म्हणत नाही, तसे रोजच्या पंपालाही म्हणता येत नाही.

याचा अर्थ पंपाला दुष्परिणामच नाहीत असा नव्हे. विस्फारकाने हात थरथरणे किंवा छातीत धडधडणे जाणवू शकते. मुलांच्या बाबतीत अमेरिकेतील एका दीर्घ अभ्यासात लहानपणी काही वर्षे रोज ब्युडेसोनाइड घेतलेल्यांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली; हा परिणाम खरा आहे, मात्र अनियंत्रित दम्याने बुडणारी शाळा, मोडणारी झोप आणि जिवाला असणारा धोका यांच्यापुढे तो लहान आहे, आणि म्हणूनच दमा आटोक्यात ठेवणारी किमान मात्रा शोधणे हे डॉक्टरांचे काम असते. गरोदरपणात घाबरून पंप बंद करणे हे आई आणि बाळ दोघांनाही औषधापेक्षा अधिक अपायकारक ठरू शकते. रक्तदाबासाठी किंवा काचबिंदूच्या थेंबांत दिली जाणारी बीटा-ब्लॉकर गटातील काही औषधे श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याची कल्पना द्यावी.

हंगामाआधीची तयारी

दमा आटोक्यात आहे की नाही हे ओळखण्यासाठी चार प्रश्न पुरतात. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा दिवसा त्रास झाला का, रात्री दम्याने जाग आली का, आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा लागला का आणि दम्यामुळे एखादे काम सोडावे लागले का? एकाही प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल, तर औषधाची मात्रा, पंप घेण्याची रीत आणि घरातील धूर यांचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. धुराच्या बाबतीत डासांची उदबत्तीही विसरता कामा नये. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका उदबत्तीतून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडत असल्याचे मोजले गेले. उलट चारही उत्तरे सुमारे तीन महिने नकारार्थी राहिली, तर डॉक्टर मात्रा टप्प्याटप्प्याने खाली आणतात. होळीनंतर बरे वाटते म्हणून आपणहून पंप बंद करणाऱ्याला राबाचा धूर आणि मृगाची सर या दोन्हींना बिनतयारीने सामोरे जावे लागते.

मुळशीच्या भूगोलात या तयारीला अधिकच मोल आहे. ज्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सुरू झालेल्या सत्याग्रहाचे नेतृत्व सेनापती बापट यांनी केले, त्याच्या विस्तीर्ण जलाशयामुळे पश्चिमेकडील अनेक गावांना पौडच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंत पोहोचण्यासाठी पाण्याला वळसा घालावा लागतो आणि आषाढात घाटात दरड कोसळली तर तोही मार्ग अडतो. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा आरामाच्या औषधाचा परिणाम टिकत नसेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत रुग्णाला बसते ठेवून त्वरित आराम देणारा पंप देत राहावे. परंतु जेथे वाट लांब आहे, तेथे ती रात्र येऊच नये यासाठी केलेला उपाय हाच खरा आधार असतो.

२०१९च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण आहेत, म्हणजे जगातील रुग्णांपैकी जेमतेम १३ टक्के; दम्याने होणाऱ्या जगातील मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांच्या वर मानला जातो. या तफावतीमागे निदानातील उशीर आहे, गरिबी आहे आणि रोजचे प्रतिबंधक औषध न मिळणे किंवा न घेणे हेही आहे. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलची जोडी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आणि भारताच्या २०२२च्या राष्ट्रीय यादीतही ती आहे. आता ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात पावसाळ्याआधी असावी, आणि ती घ्यायची कशी हे दाखवायला केंद्रात कोणीतरी पाच मिनिटे द्यावीत, एवढी मागणी ग्रामसभेतून करता येण्याजोगी आहे. घरातील कर्तव्य त्याहून लहान आहे: पंपावरची दोन नावे वाचणे, त्यांतले एक स्टेरॉइडचे आहे याची खात्री करणे आणि धाप नसलेल्या दिवशीही तो पंप घेणे.